वर्डमधला मराठी मजकूर टेक्स्ट एडिटरमध्ये नेऊन साफ करायचा आणि सुखरूप परत आणायचा, तो कसा

ऑगस्ट लागला की नारायण पेठेतल्या माझ्या टेबलावर फाइलींची रांग लागते. आधी गणेश मंडळांचे अहवाल, मग सोसायट्यांच्या स्मरणिका, मग दिवाळी अंक. एकेका फाइलीत सहा-सात जणांचा मजकूर असतो. कुणी मोबाइलवर बोटाने घसरत टाइप केलेलं, कुणी इनस्क्रिप्ट कळफलकावर, कुणी व्हॉट्सॲपवरून उचललेलं. सगळं एकाच वर्ड फाइलीत चिकटवून येतं आणि पडद्यावर अगदी सभ्य दिसतं.

मागे वारीवरचा एक लेख आला होता. 'वारकऱ्यांच्या' हा शब्द मला पानापानावर दिसत होता, मोजले तर अकरा. वर्डमध्ये शोध दिला तर सापडले चार. उरलेले सात डोळ्यांसमोर होते, पण वर्डच्या लेखी नव्हते. वर्ड मजकूर कसा दिसतो ते दाखवतं; तो आत काय आहे ते पाहायला टेक्स्ट एडिटर, म्हणजे सजावटीशिवाय नुसता मजकूर दाखवणारा प्रोग्रॅम, लागतो. तेव्हापासून वर्ड आणि एडिटर ही जोडी मी कायम उघडी ठेवतो. मजकूर वर्डमधून बाहेर न्यायचा, एडिटरमध्ये साफ करायचा आणि जाड-तिरकं, शीर्षकं यांना धक्का न लावता परत आणायचा. ती पद्धत इथे देतोय. लिब्रेऑफिस रायटर वापरणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता आहे, तोही पुढे येईल.

आधी हत्यारं

विंडोजवर नोटपॅड++ पुरेसं आहे. फुकट आहे आणि २००३पासून चालत आलेलं आहे. लिनक्सवर केट चांगला, मॅकवर बीबीएडिट किंवा कॉटएडिटर. पुढचे मेनू मी नोटपॅड++चे देतोय, पण ही कामं बाकीच्यांतही होतात.

बसवल्याबरोबर तीन गोष्टी करा. सेटिंग्जमधल्या स्टाइल कॉन्फिग्युरेटरमध्ये ग्लोबल स्टाइल्सखाली फाँट बदलून निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, कारण मूळचा फाँट इंग्रजी प्रोग्रॅमरसाठी निवडलेला आहे. प्रेफरन्सेसमध्ये 'डायरेक्टराइट' चालू करा. जोडाक्षरं नीट बसतात. आणि नव्या फाइलीसाठी एन्कोडिंग (अक्षरं फाइलीत साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ ठेवा. जुनी सवय म्हणून 'एएनएसआय'मध्ये सेव्ह केलंत, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ मिळते आणि ती कुठल्याही उपायाने परत मराठी होत नाही.

आणखी एक: एडिटरचं चिन्ह टास्कबारवर सगळ्यात डावीकडे पिन करा. मग वर्डमधूनच विंडोज+१ दाबलं की एडिटर पुढे येतो. माउसला हात लावावा लागत नाही. बारीक गोष्ट आहे, पण दिवसातून चाळीस वेळा लागते.

वर्डची फाइल सरळ एडिटरमध्ये उघडू नका. ती खरं म्हणजे झिप फाइल असते. उघडलीत तर सुरुवातीला 'पीके' ही दोन अक्षरं (झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं) आणि पुढे कचरा दिसेल. चुकून सेव्ह केलंत तर फाइल गेली.

मजकूर खरंच यूनिकोड आहे का?

वर्डमधला एक परिच्छेद कॉपी करून एडिटरमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर मजकूर यूनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक आहे; पुढे जा. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली, तर तो मजकूर जुन्या फाँटमधला आहे: श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, नाहीतर सी-डॅकचा डीव्हीबी-टीटी सुरेख. सी-डॅक १९८८मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झालं आणि संगणकावर मराठी रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, पण त्या काळच्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असत. वर्ड तो मुखवटा चढवून दाखवतं, एडिटर उतरवतो.

असा मजकूर आधी कन्व्हर्टरमधून यूनिकोडमध्ये आणा. त्याआधी काहीही शोधा-बदला करू नका. आणि रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी या दोन जागा डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर तिथेच घसरतात.

काय न्यायचं, काय वर्डमध्येच ठेवायचं

कॉपी करून एडिटरमध्ये नेलं की जाड, तिरकं, शीर्षकांच्या स्टाइल, तक्ते, चित्रं, तळटिपा, समासातल्या टिप्पण्या सगळं गळून पडतं. जाड-तिरकं आणि शीर्षकं खुणा घालून वाचवता येतात. तळटिपा आणि तक्ते वाचवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. ज्या प्रकरणात तळटिपा आहेत, ते प्रकरण एडिटरमध्ये फक्त भिंगाखाली धरल्यासारखं बघायचं, चुका कोणत्या प्रकारच्या आहेत ते टिपायचं आणि दुरुस्ती वर्डमध्ये हाताने करायची. शंभर तळटिपा परत लावत बसण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

तर आता साधं प्रकरण घेऊ: शीर्षकं, उपशीर्षकं, मधूनमधून जाड-तिरके शब्द, बाकी सरळ परिच्छेद.

निघण्याआधी खुणा घालणं

मूळ फाइलीची प्रत करा. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, ती शेवटी पडताळणीला लागणार आहे.

पहिलं काम शीर्षकांचं. आपल्याकडे बहुतेक लोक शीर्षक म्हणजे नुसती जाड केलेली ओळ समजतात. अशा ओळींना आधी 'हेडिंग १', 'हेडिंग २' या स्टाइल लावून घ्या. मग फाइंड अँड रिप्लेस उघडा, शोधाची जागा रिकामी ठेवून 'फॉरमॅट'मधून स्टाइल 'हेडिंग १' निवडा, आणि बदलाच्या जागी `# ^&` लिहा. `^&` म्हणजे 'जे सापडलं ते तसंच'. प्रत्येक शीर्षकापुढे # लागेल. हेडिंग २साठी `## ^&`. लागोपाठ दोन शीर्षकं असतील तिथे दुसऱ्याला खूण लागली का, ते बघून घ्या.

आता जाड शब्द. शोधाच्या जागेत कंट्रोल+बी दाबा, खाली 'फाँट: बोल्ड' असं उमटेल. तिथेच स्टाइल 'नॉर्मल' निवडा, म्हणजे शीर्षकं यातून वगळली जातील. बदलाच्या जागी `«^&»`. तिरक्यासाठी तसंच, पण खुणा `‹^&›`. या खुणा मी मुद्दाम निवडल्या आहेत: मराठीत त्या कुणी वापरत नाही, आणि उघडणारी-बंद होणारी वेगळी असल्यामुळे एखादी हरवली तर कळतं. सुरुवातीला मी दोन्हीकडे ताराचिन्हं घालत असे. एक तारा हरवला की पुढचं अर्धं प्रकरण जाड व्हायचं.

एक खोड लक्षात ठेवा. अख्खा परिच्छेद जाड असेल, तर वर्ड परिच्छेदाची अखेरही जाड धरतं आणि बंद होणारी खूण पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसते. एडिटरमध्ये `^»` असा रेग्युलर एक्स्प्रेशनचा (नेमक्या शब्दाऐवजी नमुना देऊन करायचा) शोध दिला की अशा जागा सापडतात. त्या हाताने मागच्या ओळीच्या शेवटी न्या. फार नसतात.

मग कंट्रोल+ए, कंट्रोल+सी, विंडोज+१, कंट्रोल+एन, कंट्रोल+व्ही. लगेच फाइल सेव्ह करा, नावात तारीख घाला.

एडिटरमधली सफाई

सगळ्यात आधी 'व्ह्यू'मध्ये 'शो सिंबल' उघडून सगळी अक्षरं दाखवायला सांगा. स्पेसच्या जागी ठिपके, टॅबच्या जागी बाण दिसतील. नव्या आवृत्त्यांमध्ये न दिसणारी अक्षरंही दाखवता येतात. ते चालू करा आणि वारकऱ्यांचं रहस्य उलगडेल.

'वारकऱ्यांच्या'मधला तो अर्धा र, ज्याला काही जण 'झाडूवाला र' म्हणतात, संगणकात तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, खाली नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. कागदावर तिन्ही सारखे. शोधात तिन्ही वेगळे. माझ्या लेखातले चार पहिल्या तऱ्हेचे होते, सात तिसऱ्या.

उपाय सोपा: तिसऱ्या तऱ्हेचा `र्‍` मजकुरातूनच उचलून शोधाच्या जागेत चिकटवा आणि बदलाच्या जागी `ऱ्` द्या. पण ते न दिसणारे जोडक सरसकट पुसून टाकायचा मोह आवरा. जोडक गेला की 'र्‍या'चा 'र्या' होतो, आणि मग सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो, लग्नातल्या आचाऱ्यांना आचार्यपद मिळतं. हसू येतं, पण छापून आल्यावर येत नाही.

तसंच 'अॅ' आणि 'ॲ'. पहिलं म्हणजे अ आणि त्यावर चंद्राची खूण, दुसरं एकसंध अक्षर. सगळीकडे 'ॲ' करून घ्या.

आता विरामचिन्हं. शोधाच्या खिडकीत 'रेग्युलर एक्स्प्रेशन' निवडा आणि हे याच क्रमाने चालवा.

जादा स्पेस: शोधाच्या जागी दोन स्पेस आणि लगेच `+`, बदलाच्या जागी एक स्पेस. काही जागा तरीही उरल्या तर त्या 'न तुटणाऱ्या' स्पेस असतात, वेबवरून चिकटवलेल्या. त्यातली एक कॉपी करून शोधात टाका, बदलाच्या जागी साधी स्पेस द्या आणि पहिला शोध पुन्हा चालवा.

चिन्हाआधीची स्पेस: ` +([,;.?!])` शोधा, `$1` द्या. कंसातलं जे सापडलं ते `$1` परत देतो.

चिन्हानंतर स्पेस नसणं: `([,;?!])([अ-ह])` शोधा, `$1 $2` द्या. `[अ-ह]`मध्ये आपले सगळे नेहमीचे स्वर आणि व्यंजनं येतात. पूर्णविराम यात मुद्दाम घेतलेला नाही. 'इ.स.' आणि 'सा.न.वि.वि.' यांच्यामध्ये स्पेसा घुसलेल्या कुणाला आवडत नाहीत.

अंकांमधली रेघ: `([०-९])-([०-९])` शोधा, `$1–$2` द्या, म्हणजे '१९४२-४५'मधली आखूड रेघ लांब होईल. इथे 'रिप्लेस ऑल' दाबू नका. पुण्याचे लँडलाइन क्रमांक ०२०- असे सुरू होतात आणि स्मरणिकेच्या जाहिरातींत ते ढिगाने असतात. तारखाही त्यात येतात. एकेक बघत चला. आणि '१-२-३' अशी साखळी असेल तर शोध दोनदा चालवावा लागतो, कारण मधला अंक पहिल्या फेरीत खर्ची पडतो.

विसर्गाची गोष्ट जरा लांब आहे. पूर्वीच्या कित्येक कळफलकांवर विसर्ग हाताशी असे आणि अपूर्णविराम (:) शोधावा लागे, म्हणून 'विषयः', 'स्थळः', 'वेळः' लिहायची सवय लागली, ती आजही गेलेली नाही. पण 'स्वतः', 'विशेषतः', 'क्रमशः' यांचा विसर्ग खरा. म्हणून `([^त])ः ` असा शोध द्या, शेवटी एक स्पेस ठेवून. 'त'नंतरचा विसर्ग सोडून बाकीचे सापडतील. बदलाच्या जागी `$1: `, पुन्हा स्पेससकट. हेही एकेक बघूनच. 'क्रमशः', 'पुनः', 'प्रायः' मध्ये येतील, त्यांना सोडून द्या.

शुद्धलेखनाचे बदल आणि माझी फजिती

'कि' नव्हे 'की', 'परंतू' नव्हे 'परंतु'. असे नेहमीचे बदल एकदम करावेसे वाटतात. काही वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्याकडच्या एका सोसायटीच्या स्मरणिकेत मी 'कि'च्या जागी सरसकट 'की' केलं. 'किती'चं 'कीती', 'किराणा'चं 'कीराणा' झालं, आणि पत्त्यांच्या पानावर किरकटवाडीची 'कीरकटवाडी'. एका आजोबांनी फोन करून विचारलं, "काय हो, गावाला कीड लागली का?"

संगणकाला 'शब्द' कळत नाही, अक्षरांची माळ कळते. म्हणून ` कि ` असं दोन्ही बाजूंना स्पेस ठेवून शोधा, ` की ` द्या. शब्द ओळीच्या सुरुवातीला किंवा स्वल्पविरामाच्या आधी असेल तर तो सुटेल, तेवढे नंतर `^कि ` आणि `कि,` शोधून बघा. 'संपूर्ण शब्दच जुळवा' अशी खूण शोधाच्या खिडकीत असते, पण देवनागरीत तिच्यावर मी विसंबत नाही. मात्रा आणि हलन्त यांना ती शब्दाचा भाग मानेल याची खात्री धरू नये.

याच कारणासाठी रेग्युलर एक्स्प्रेशनमधला `.` हा एक 'अक्षर' मोजतो असं समजू नका. आपण 'क्षि' हे एक अक्षर म्हणतो. संगणकाला ते क, हलन्त, ष, वेलांटी असे चार तुकडे. `.` त्यातला एकच पकडतो, आणि बदल केलात तर उरलेली वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळत राहते.

ओळींची कामं मात्र एडिटरमध्ये झकास होतात. ई-मेलमधून आलेला मजकूर प्रत्येक ओळीला तुटलेला असतो. तेवढा परिच्छेद निवडून 'एडिट'मधल्या 'लाइन ऑपरेशन्स'मध्ये 'जॉइन लाइन्स' द्या. रिकाम्या ओळी काढायची, ओळीच्या शेवटच्या स्पेस छाटायची आज्ञाही तिथेच किंवा शेजारच्या 'ब्लँक ऑपरेशन्स'मध्ये आहे. वर्गणीदारांच्या यादीतली एकाखाली एक आलेली पुनरावृत्त नावंही काढता येतात. पण यादी अकारविल्हे लावायला एडिटर वापरू नका. तो यूनिकोडच्या क्रमाने लावतो: 'क्ष' क-मध्ये जातो, 'ज्ञ' ज-मध्ये, आणि 'अंजली' 'अजय'च्या आधी येते. मंडळाच्या अहवालात नावांच्या क्रमावरून किती रामायण होतं हे पेठेतल्या माणसाला सांगायला नको.

एडिटरमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर घाबरू नका. अक्षर तेच असतं. मराठी वळण दाखवायचं की हिंदी, हे फाँट आणि मजकुराला लावलेली भाषा मिळून ठरवतात, आणि साध्या टेक्स्टला भाषा लावलेली नसते.

परत निघण्याआधी `«` मोजा, `»` मोजा. शोधाच्या खिडकीत 'काउंट' आहे. आकडे सारखे हवेत. तिरक्याच्या खुणांचंही तेच. नसतील तर पुढे जाऊ नका.

परत वर्डमध्ये

नवी वर्ड फाइल उघडा, किंवा ज्या साच्यात अंक लावायचा आहे त्याची रिकामी प्रत. चिकटवताना 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडा. नव्या वर्डमध्ये कंट्रोल+शिफ्ट+व्ही तेच करतं.

आता खुणा उलट्या फिरवायच्या. फाइंड अँड रिप्लेसमध्ये 'यूज वाइल्डकार्ड्स' चालू करा. शोधा `«(*)»`, बदला `\1`, आणि बदलाच्या जागेत कंट्रोल+बी दाबून बोल्ड लावा. वर्डची चिन्हभाषा एडिटरपेक्षा निराळी आहे: तिथे `$1`, इथे `\1`. आधी एकाच परिच्छेदावर करून बघा, मग सगळीकडे. तिरक्यासाठी `‹(*)›` आणि कंट्रोल+आय.

शीर्षकांना दोन टप्पे लागतात. वाइल्डकार्ड्स बंद करा, मागच्या शोधाचं फॉरमॅटिंग 'नो फॉरमॅटिंग'ने पुसा. मग आधी `## ` शोधा, बदलाची जागा रिकामी ठेवून तिथे स्टाइल 'हेडिंग २' द्या. बदलाची जागा रिकामी आणि फॉरमॅट दिलेलं असेल, तर वर्ड शब्द पुसत नाही, फक्त फॉरमॅट लावतं. नेमकं तेच हवंय. नंतर फॉरमॅट काढून टाका आणि `## ` पुन्हा शोधून रिकाम्याने बदला. आता खूण पुसली जाईल. हेडिंग २ पूर्ण झाल्यावरच `# ` घ्या, उलटा क्रम केलात तर दोन्ही एक होतात.

काही अवतरणचिन्हं उभी, सरळ असतील. वर्डमध्ये 'स्मार्ट कोट्स' चालू असताना `'` शोधून `'` नेच बदला. हास्यास्पद वाटतं, पण बदलताना वर्ड ती आपोआप वाकवतं. लांब रेघेला लागून आलेलं उघडतं अवतरण मात्र उलटं पडतं, तेवढं हाताने.

शेवटी सगळा मजकूर निवडून 'रिव्ह्यू'मधून भाषा मराठी करा. फाँटात सोय असेल तर ल आणि श मराठी वळणावर येतील. राज्य शासनाने ठरवलेलं वळण हवं असा आग्रह धरणारे ग्राहक असतात, त्यांच्यासाठी हे टाळू नका.

पडताळणी

'रिव्ह्यू'मध्ये 'कंपेअर' उघडा. मूळ म्हणून ती हात न लावलेली फाइल द्या, सुधारित म्हणून नवी. 'मोअर'मध्ये जाऊन फॉरमॅटिंगची खूण काढा आणि तुलना शब्दपातळीवरच ठेवा. अक्षरपातळीवर मात्रा सुट्या पडून वाचणं मुश्किल होतं. काय बदललं याची लाल यादी समोर येईल. 'वारकऱ्यांच्या'सारखे शब्द खोडून तेच पुन्हा लिहिलेले दिसतील. ते आतले बदल आहेत. बाकीचं मात्र वाचा. 'कीरकटवाडी' मला इथेच सापडली असती, पण तेव्हा मी ही पायरी करत नव्हतो.

मजकूर एडिटरमध्येच राहू द्यायचा असेल तर

पुस्तकाचं काम महिनोन्महिने चालतं, तिथे ही ये-जा परवडत नाही. मग प्रत्येक प्रकरण टेक्स्ट फाइल म्हणून ठेवायचं आणि वर्डमध्ये फक्त जोडायचं. एडिटरमधून फाइल 'यूटीएफ-८ बीओएम'मध्ये सेव्ह करा, म्हणजे वर्डला एन्कोडिंग ओळखता येतं. वर्डमध्ये 'इन्सर्ट' टॅबवर 'ऑब्जेक्ट'शेजारचा बाण, त्यात 'टेक्स्ट फ्रॉम फाइल'. फाइलींचा प्रकार 'ऑल फाइल्स' करा, फाइल निवडा, आणि 'इन्सर्ट' बटणाशेजारच्या बाणातून 'इन्सर्ट ॲज लिंक' घ्या.

मग एडिटरमध्ये लिहा, सेव्ह करा, वर्डमध्ये त्या मजकुरात क्लिक करून एफ-९ दाबा. नवा मजकूर येतो. मात्र त्या भागात वर्डमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या एफ-९ला पुसली जाते, तेव्हा हात एडिटरमध्येच ठेवायचा. लिंकमध्ये फाइलीचा पूर्ण पत्ता असतो, फोल्डर हलवलं की ती तुटते. काम संपल्यावर तेवढाच भाग निवडून कंट्रोल+शिफ्ट+एफ-९ दाबलं की मजकूर कायमचा वर्डचा होतो. अख्खी फाइल निवडून हे करू नका, अनुक्रमणिकाही गोठते.

लिब्रेऑफिसवाल्यांचा जवळचा रस्ता

रायटरमध्ये फाइल 'फ्लॅट एक्सएमएल ओडीएफ' या प्रकारात, म्हणजे एफओडीटी म्हणून सेव्ह करता येते. ही झिप नसते. सरळ एडिटरमध्ये उघडते, आणि जाड-तिरकं, तळटिपा, तक्ते सगळं आत लिहिलेलं असतं. एडिटरमध्ये 'र्‍'चा 'ऱ्' करा, सेव्ह करा, रायटरमध्ये 'फाइल'मधून 'रीलोड'. काही हरवत नाही. तळटिपांची प्रकरणं मी आता याच वाटेने नेतो. विंडोजवर एडिटर सेव्ह करायला तयार नसेल तर रायटरमधली फाइल आधी बंद करा.

दोन पथ्यं. कोनी कंसांच्या आत काहीही बदलू नका, म्हणून स्पेस आणि विरामचिन्हांचे वरचे सरसकट शोध इथे चालवायचे नाहीत. फक्त देवनागरी अक्षरांचे. आणि 'ऑप्शन्स'मध्ये रायटरखाली 'कंपॅरिझन' या पानावर बदलांसोबत यादृच्छिक क्रमांक साठवण्याची खूण असते, ती काम सुरू करण्यापूर्वीच काढा. ती असली की रायटर शब्दाच्या मधोमध अदृश्य तुकडे पाडतो आणि शोध हुकतो. चित्रं भरपूर असतील तर फाइल अवाढव्य होते, तेव्हा चित्रं शेवटी घाला.

मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठी चार ओळी

वर्डमध्ये बटण दाबलं की निवडलेला मजकूर एडिटरमध्ये उघडावा असा मॅक्रो करता येतो. मराठीत तीन ठेचा ठरलेल्या. व्हीबीएची (वर्डच्या मॅक्रोंच्या भाषेची) फाइल लिहिण्याची नेहमीची आज्ञा यूनिकोड लिहीत नाही, एडीओडीबी स्ट्रीम वापरून यूटीएफ-८ लिहा. 'शेल' आज्ञा एडिटर बंद होण्याची वाट पाहत नाही, तेव्हा मजकूर परत आणायला दुसरं बटण ठेवा. आणि व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी टाइप केलं की प्रश्नचिन्हं होतात, तिथे अक्षरांचे क्रमांक वापरा.

छापायला देण्याआधी एक शोध मी अजून हाताने घेतो: ` की[क-ह]`, पुढे-मागे बघत, एकेक. कीर्तन निघतं, कीटकनाशक निघतं, कीर्ती निघते. 'कीरकटवाडी' परत सापडलेली नाही.